लांबचा रस्ता

घरापासून केळीच्या चेंबरपर्यंत सरळ गेलं
तर सहाशे पावलं.
मी चौदाशे चालतो.
बारा वर्षं झाली.

सरळ रस्त्यावर, मरीमातेच्या ओट्याला लागून
चावदसचं सायकलचं दुकान.
एवढंच कारण. म्हणजे
लोकांना सांगण्यापुरतं एवढं.

म्हणून मी गुजरीतून वळतो,
पिठाच्या गिरणीमागून, तेलघाणीच्या बंद दारावरून.
मे महिन्यात सावद्याच्या भिंतीसुद्धा धाप टाकतात,
कुत्री नालीत पोट टेकून पडतात.
तिथून, डोक्यावर रुमालही नसताना,
रागाच्या सावलीत.

भांडण कशावरून झालं?
पहिल्या वर्षी विचारलं असतं
तर तारीख, वार, साक्षीदार, सगळं सांगितलं असतं:
त्याच्या पुतण्याच्या हळदीला
भरीत वाढताना त्याने पातेलं
माझ्यावरून पुढे नेलं.
पाचव्या वर्षी वाटू लागलं
पातेलं थांबलं होतं, पण तो हसला होता.
आता नीट आठवतो
फक्त पऱ्हाट्यांच्या धुराचा वास
आणि घशात अडकलेला पुरीचा घास.
धूर खरा.
बाकीचं मी दर साली
थोडं थोडं सारवत आलो.

त्याची आई गेली तेव्हा दहाव्याला गेलो होतो.
सुकीच्या पलीकडच्या काठावर उभा राहिलो.
कावळा शिवेपर्यंत थांबलो.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर झोपे म्हणाले, साखर उतरली, काय करता?
मी म्हटलं, चालतो.
कुमुद दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत
तोंडाला पदर लावून होती, मग फुटली:
"तुमाले तं राग चांगलाच मानवला हो!"

माझं काम केळी पिकवायचं.
हिरवीगार कॅरेटं आत, दार बंद,
सोळा-अठरा अंश, मोजून गॅस,
चौथ्या दिवशी पिवळी.
केळ्याला वाटत असेल, आपणच पिकलो,
आतून काही उमलून आलं.
त्याला कोण सांगणार
की भिंतीपलीकडे एक माणूस
घड्याळ बघत उभा होता.
माझ्या दाराबाहेर कोण उभं होतं
हे मी कधी उघडून पाहिलं नाही.

यंदा चैतात रस्ता रुंद झाला.
चावदसचं दुकान पाडलं.
महिनाभराने त्याने टपरी टाकली
गिरणीच्या मागे.
माझ्या रस्त्यावर.

सरळ रस्ता मोकळा झाला.
सहाशे पावलं. कुणाची ना नव्हती.
सकाळी चपला घातल्या आणि उंबऱ्यात उभा राहिलो.
पोटात काहीतरी हललं.
भीती म्हणावं तर तिला ओळखतो मी, ती अशी नसते.
राग म्हणावं तर तो खिशात होता खरा,
बंद झालेल्या नोटेसारखा,
घडी तशीच, कुठे चालणार नाही असा.

पाय गुजरीकडे वळले.
मी म्हटलं, सवय.
तेलघाणीपाशी म्हटलं, साखर.
टपरी दिसली तेव्हा
म्हणायला काही उरलं नव्हतं.

तो घमेल्यात ट्यूब बुडवून
बुडबुडे शोधत होता.
केस पार पांढरे. कधी झाले?
मान वर केली. माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या पायांकडे, मग मागे, दोन्ही बाजूंना.
ओला हात आपसूक पंपाकडे गेला.
"हवा भरू का रे?"

माझ्याकडे सायकल नव्हती.
मी म्हटलं, "भर."