कुर्ली

दाभोळच्या फेरीवर चढलं की
मागच्या चाकाला दगड लावावा लागतो,
हँडब्रेकवर माझा विश्वास नाही.
खलाशी पोरगा दगड घेऊनच उभा असतो.
तो गाडीला ओळखतो, मला नाही.

एकसष्टची फोक्सवॅगन.
आमच्याकडे तिला कुर्ली म्हणतात:
पाठ गोल, डोळे बाहेर,
आणि जीव कुठे आहे
ते पुढून पाहून कळत नाही.

पहिल्यांदा चढावर बंद पडली
तेव्हा लोक बादल्या घेऊन धावले.
कुणीतरी पुढचं झाकण उघडलं. आत स्टेपनी,
आणि ओल्या गोणपाटात दोन शेकडा बांगडे.
"इंजिन पडला वाटतं वाटेत!"
बाबा रस्त्यावरच बसून हसले,
मग मागचं झाकण उचलून म्हणाले,
"हिला पाणी लागत नाय. वारा लागतो."
होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस;
पाण्याशिवाय थंड होणारं इंजिन म्हणजे त्यांना
मिठाशिवाय टिकलेली सुकट वाटायची.

गाडी दाऊद सारंगांची.
मुंबईच्या गोदीत उतरवलेली,
हँबर्गहून की एडनहून,
दर वर्षी गोष्टीत बंदर बदलायचं.
एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही:
लढाईच्या आधी तिकडचे कामगार
दर आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट
कार्डावर चिकटवायचे.
कार्ड भरलं की गाडी.
कार्डं भरली.
कारखान्यातून निघाल्या लष्करी गाड्या,
बनवणारे धरून आणलेले परके लोक,
आणि तिकिटं चिकटवणाऱ्यांत
एकालाही चावी मिळाली नाही.
एवढं सांगून सारंग
बॉनेटवरची धूळ बोटाने पुसायचे
आणि जरा वेळ काही बोलायचे नाहीत.

बाबांची तिकिटं नव्हती, वही होती.
महिन्याला साठ रुपये, शिमग्याला शंभर,
होड्या वर ओढलेल्या महिन्यांत माफ.
पंचाहत्तरला सारंग बहारीनला मुलाकडे निघाले,
चावी धाकू मिस्त्रीच्या हातात देऊन म्हणाले,
"उरलेलं आल्यावर बघू."
आले नाहीत.
वहीत तीनशे चाळीस बाकी.
आर.सी. बुकात अजून तेच नाव,
दाऊद इस्माईल सारंग, राहणार दाभोळ.
तिकडे कार्ड होतं, गाडी नव्हती.
इथे गाडी आहे.

माझ्या हाती आली तेव्हा
मडगार्डाला बोट लावायची भीती.
खाऱ्या वाऱ्याला घाई नसते,
तो आधी शिवणीत शिरतो,
मग एक दिवस दाराचा तळ
चहात बुडवलेल्या खारीसारखा सुटून हातात येतो.
पत्रा मी तीनदा बदलला,
एकदा तर डिझेलचं पिंप कापून.
हॉर्नला बारमाही सर्दी.
पेट्रोलचा काटा कंपनीनेच दिला नाही.
पायाशी एक खुंटी आहे:
गाडी आचके द्यायला लागली
की चपलेच्या टोकाने ती वळवायची,
शेवटचे पाच लिटर मिळतात.
बाबांना दापोलीच्या दवाखान्यातून
घरी आणलं त्या रात्री मी ती वळवली.
मागच्या सीटवर ते, चादरीत, गुडघे दुमडलेले.
अकरा किलोमीटर तो ठकठक आवाज,
मधेच एक ठोका चुकत होता.
त्यांना लगेच कळलं असतं कुठला.

परवा पुण्याहून एकजण आला.
चप्पल काढून गाडीत वाकला,
नखाने रंग खरवडला,
खाली मूळचा निळा निघाला.
सहा लाख म्हणाला.
"ताई, कागद कुणाच्या नावावर?"
मी वही दाखवली.
तो हसला नाही,
म्हणून त्याला चहा दिला.

फेरी धोपाव्याला लागते आहे.
पायाखालच्या भोकातून
तिचा ओला लोखंडी पत्रा दिसतो.
गुहागरला सारंगांची पुतणी राहते
असं परवाच कळलं.
तीनशे चाळीस रुपये पर्समध्ये आहेत, सुट्टे.
पोरगा दगड काढतो, बोनटीवर थाप मारतो.
दुसऱ्या खेपेला इंजिन धरतं.
खुंटी मागच्या वेळीच वळवली होती की काय,
आता आठवत नाही.