हात आखडता

बसा.
त्या खुर्चीवर नको, ती अनास्तासची.
तो गेला, ट्रंपेट भाच्याने नेलं,
खुर्ची कुणी मागितली नाही.
आणि तो पंखा तेवढा बंद करा,
षड्जाच्या केसभर खाली गुणगुणतो,
माझा अख्खा दिवस बेसूर जातो.

हं. नवीन काय, असं विचारलंत.

दर गुरुवारी इथेच वाजवतो आम्ही,
कलिन्यात, विमानांच्या पोटाखाली.
आधी मी प्रत्येक विमानाला थांबायचो,
बोटं पट्ट्यांवर तशीच धरून,
प्रार्थनेत कुणी शिंकलं की थांबतात तसा.
कौमुदी म्हणाली, थांबताय कशाला?
खालचा पंचम आहे तो. घेऊन टाका.

कौमुदी भोईर. बेस वाजवते.
दिवसा बॅलार्ड इस्टेटला जहाजांची बिलं करते,
संध्याकाळी खांद्यावर स्वतःहून उंच पेटी घेऊन
माझ्या दोन जिन्यांना शिव्या घालत चढते.
ड्रमवर फर्झाद, वय बावीस,
पोटात कायम भूक, हातात कायम घाई.
आणि संबळावर सोपान रेणके.
रात्रभर कुणाच्या अंगणात गोंधळ घालून येतो,
कपाळावरचा मळवट अर्धा पुसलेला,
चहात पाव बुडवतो आणि विचारतो,
काका, आज देवी कुठली?
मी म्हणतो, बी-फ्लॅट.
तो हात जोडतो. थट्टेने नाही.

एकेकाळी, बरं का,
डावा हात म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ होता.
चर्चगेटच्या त्या तळघरात, पहाटे दोनला,
त्याला एकट्याला कामावर सोडून
उजव्याने मी सिगारेट पेटवायचो.
ताडदेवच्या स्टुडिओत नायिका जिना उतरायची,
तिच्या पायांखालच्या सोळा मात्रा माझ्या.
पाटीवर नाव नाही. पैसे रोख, पाकिटात,
पाकीट ओलं, कारण वाटणारा घामट.

आता करंगळी आणि तिच्या शेजारची
वाकत नाहीत.
डॉक्टर म्हणतात संधिवात.
कौमुदी म्हणते, बरंच झालं,
दहा बोटांना तुम्ही गप्प बसवूच शकला नसता.

तोंडाने फटकळ आहे.
पण गोष्ट ती नाही. गोष्ट ऐका.

मार्चात आम्ही एक तुकडा टेप केला,
अकरा मिनिटांचा. मध्ये माझा सोलो.
मी जीव ओतला हो.
जुनं सगळं काढलं, ट्रंकेतलं सूट काढावं तसं,
डांबरगोळ्यांच्या वासासकट.
वाजवून झाल्यावर फर्झाद उभा राहिला,
सोपान म्हणाला, आई उदो.
आठवड्याने तिने जोडून पाठवला,
तर सोलो नाही!
कात्रीने कापून टाकलेला, पूर्ण.
ठेवलं होतं काय,
तर सोलोच्या आधीची नऊ सेकंदं:
स्टूल करकरतंय,
अंगठी पट्टीच्या कडेला लागतेय,
आणि कुणीतरी म्हातारा श्वास आत घेतोय,
सोडतच नाही.
मग थेट संबळ.

दोन गुरुवार मी दार उघडलं नाही.
तिसऱ्या गुरुवारी ती जिन्यातच बसली,
पेटी आडवी, डबा उघडा, बोंबील-भात.
दाराच्या फटीतून म्हणाली,
सर, सोलो सुंदर होता.
पण तो तुम्ही एकोणीसशे चौऱ्याहत्तरला संपवला होता.
हात जरा आखडता घ्या.

मी आतून ओरडलो, आखडलेलाच आहे, बाई!

ती हसली. मग मलाही आलं.

तरी अजून पटलंय असं नाही.
रात्री झोप येत नाही तेव्हा
तो सोलो बोटांनी चादरीवर पुरा वाजवतो,
आठ बोटांनी.
फिलोमीना कूस बदलते.
तिला मी ती नऊ सेकंदं ऐकवली,
कानाला लावून, स्वयंपाकघरात.
मासळी साफ करता करता ऐकली तिने,
खवले उडत होते.
म्हणाली, किती वर्षं सांगतेय,
त्या स्टुलाला तेल घाल.

तेल आणलंय. ते बघा, खिडकीत.
कौमुदीचा निरोप आहे, हात लावायचा नाही.

थांबा, विमान आलं.
नाही, बोला तुम्ही.
बोलत राहा.