मंगळवार, आरगॉन

हिन्नर्क आधी बूट काढतो, मग मोजा, मग पट्टी,
आणि छताकडे बघत बसतो.
चौदा महिने ही टाच भरत नाहीये.
साखर, म्हणतात डॉक्टर.
मीठ, म्हणतो तो. पन्नास वर्षं
रबरी बुटात बाल्टिक घेऊन हिंडलोय.

मी आरगॉनची तोटी फिरवते.
लेखणीएवढ्या यंत्राच्या टोकाशी फुस्स होतं
आणि एक जांभळी जीभ बाहेर येते,
मांजराच्या पिलाची असावी एवढीच.
खोलीला वीज पडून गेल्याचा वास.

"तापमान किती?" हे तो दर मंगळवारी विचारतो.
मी सांगते, उत्तरं दोन आहेत.
इलेक्ट्रॉनांचं वीस हजार अंश.
बाकी सगळ्यांचं, तुझ्या श्वासाएवढं.
"एका भांड्यात दोन तापमानं?
घरात चालतं तसलं. भांड्यात कसं चालेल?"

मग मी पुन्हा तेच:
इलेक्ट्रॉन म्हणजे मोहरी, अणू म्हणजे जातं.
मोहरी तडतडते, आपटते, उडते, परत आपटते,
जात्याला पत्ताही लागत नाही.
क्वचित एखादी नेमकी बसते. अणू दचकतो.
दचकलेला अणू उजळतो, मग शांत होतो.
हा जांभळा म्हणजे तेवढंच. दचकणं.

त्याला पटत नाही.
त्याने जन्मभर धूरघरात ईल टांगले,
लाकडाची आच तळहाताने मोजली.
चटका न देणारी आग
त्याच्या लेखी काहीतरी लपवणारी आग.

एक गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही.
या वायूत कुठे एखादा जास्तीचा भार शिरला
की उलट भाराचे त्याच्याभोवती जमू लागतात,
कुणी न बोलावता,
इतके की जरा लांबून पाहणाऱ्याला
तिथे काही आहे असं वाटतच नाही.
किती लांबून, तेही मोजता येतं.
आमच्या नळीत ते अंतर केसाहून बारीक निघालं.

आई गेली त्या हिवाळ्यात
वीकमधल्या बायका सुपाची पातेली घेऊन अशाच आल्या.
कुणी लाकडं फोडून रचली,
लोरेन्झने न विचारता नावेचं इंजिन उतरवून नेलं,
साफ करून परत आणलं.
आणि उचलत्या पुलापलीकडचे लोक म्हणू लागले,
हिन्नर्क सावरला हो.

भार कुठे जातो?
आत जेवढा होता तेवढाच असतो.
मी मुलगी आहे. मी त्या केसाच्या आत
रविवारी बटाटे सोलते.

ही जीभ तरी कुठे अखंड आहे?
वेगवान कॅमेरा लावला की कळतं:
सुट्या सुट्या गोळ्या,
सेकंदाला हजारो, मधे पूर्ण काळोख.
डोळा त्या शिवून टाकतो, आपण तिला ज्योत म्हणतो.
बाबाही रोज सहाला उठतो, धक्क्यापर्यंत जातो,
लोक त्याला चालणं म्हणतात.

आज कडेला नखभर गुलाबी कातडी आहे.
मी वहीत लिहिते: दोन मिलिमीटर, कदाचित.
कदाचितखाली रेघ मारते,
कारण आपलं माणूस असलं की पट्टी सरकते.

मी लिहित असताना त्याने बोट पुढे केलंय.
ते जाड, सुरीच्या खुणांचं बोट,
ज्योतीपासून चांगलं अंतर ठेवून, बाजूला.
आणि जांभळी जीभ वळते.
सरळ जायचं सोडून त्याच्या बोटाकडे वळते, टेकते.
तो हात मागे घेत नाही.

"हिला मी कसा काय दिसलो?"

ती जमिनीकडे जायची वाट शोधते, बाबा.
तू जमिनीला जोडलेला आहेस, म्हणून.

तो खाली बघतो. लिनोलियमवर उघडा पाय,
बोटांची नखं वाढलेली.
बराच वेळ बघतो.

"अजून?" म्हणतो.