उजवी कड

ग्रिम्स्बीच्या गोदीमागच्या पबमध्ये
रॅफर्टीवरून अजून जुंपते.
बर्नी म्हणतो, दहातल्या नऊ सामन्यांत
हा गडी मैदानावर होता कुठे?
थंडी पडली की हात बाह्यांत!

ओवेन खिशातली चिल्लर मांडतो:
हा एक बचाववाला, हा दुसरा, हा गोली.
आणि बिअरच्या ओल्या वर्तुळांमधून
एक पेनी नेतो, अंग चोरत,
थबकत, हूल देत,
त्या मंगळवारी त्याने चेंडू नेला तश्शी.
‘आणि मग?’
मग काय. चेंडू थेट पार्किंगमध्ये.

‘माझ्या गाडीवर,’
नोरीन ग्लास पुसता पुसता म्हणते.
‘गाडी कधीच गेली भंगारात.
चेपलेलं बॉनेट तेवढं
ठेवलंय शेडमध्ये.’

बर्नी पेनी उचलतो, बघतो,
होती तिथेच ठेवतो.