उजवा कान दिसत नाही

पापाच्या तिकटीजवळ माझा स्टुडिओ.
चाळीस वर्षं माणसांना सांगत आलो:
हनुवटी वर. खांदे सरळ. दोन्ही कान दिसू देत.
वृषालीलाही तेच सांगितलं, पासपोर्टच्या वेळी;
ती हसत सुटली, म्हणून तीनदा काढला.

आता ती लीड्सहून पाखरं पाठवते.
मागच्या दारी हातभर हिरवळ, एक काठी,
काठीला दाण्यांचा पिंजरा:
दाणे आत, पाखरं बाहेर.
लग्नात शर्टावर तांबडा रस्सा सांडून
तसाच मिरवणारा पाहुणा असतो, तसा रॉबिन.
मग ब्लॅकबर्ड, चोच हळदीत बुडवलेली.
मग निळ्या टोपीचं मुठीएवढं काहीतरी.
"याला ब्लू टिट म्हणतात. आपल्यात काय म्हणतात, आबा?"
आपल्यात ते येतच नाही,
म्हणून काही म्हणत नाहीत.

जुनी लेन्स पुसून मी कळंब्याला गेलो.
बांधावर दयाळ. शेपटी उभी, पाठ माझ्याकडे.
"वळ की जरा," म्हटलं.
एकवीस फोटो: चौदांत फांदी, सहांत शेपूट,
एकात पक्षी, पण मान हललेली.
तोच पाठवला. लगेच उत्तर आलं: मस्त!
खोटं बोलायचं असलं की पोरं लगेच उत्तर देतात.

डिसेंबरात घाटावर धोबी आला; पाखरू, माणूस नव्हे.
धुणं आपटणाऱ्या बायांमधून तुरुतुरु,
शेपूट वरखाली, जणू हिशोब करतोय.
"हा तुझ्याकडचाच दिसतोय," मी लिहिलं.
"आमच्या पार्किंगमध्ये असतात हे, भर पावसात."
'आमच्या'वर बोट ठेवून
मी बराच वेळ पायरीवर बसलो.

काल पुन्हा रॉबिन, खिडकीच्या आतून काढलेला.
तिथं चारलाच अंधारतं, घरात दिवा लागलेला.
माझी सवय जुनी: नजर आधी कोपऱ्यात जाते, मग मध्ये.
कोपऱ्यात, काचेत, ती होती.
पुसट, मोबाईल धरलेली.
केस आखूड. कधी कापले?
उजवा कान दिसत नव्हता.

दोन बोटांनी फोटो ताणला,
रॉबिन चौकटीबाहेर गेला.
आणखी ताणला,
तिचे नुसते चौकोन झाले.

मग लिहिलं:
पाखरू झकास आलंय.
काचेला मोबाईल टेकवून काढ,
म्हणजे काचेत तू येणार नाहीस.

पाठवायच्या आधी
दुसरं वाक्य पुसलं.