डबल बेल

पारावर कुणी विचारलं की सांगतो,
पोरगी कंडक्टर आहे.
"कोन्या डेपोले?"
मग मी थोडा वेळ गप्प बसतो.
चौतीस वर्षं यावल डेपोला काढली,
एवढ्याशा प्रश्नाला
एवढंसं उत्तर असायला हवं होतं.

शाळेला सुट्टी असली की ती माझ्या गाडीवर.
यावल–भुसावळ, तापीच्या पुलावरून, दिवसाला सहा फेऱ्या.
ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर गोधडीची घडी टाकून बसायची
आणि गर्दीतूनही माझा पंच ऐकायची :
पुरा, पुरा, अर्धा, पुरा.
अंजाळ्याच्या चढाला गिअर पडायच्या आधीच
तिची मान खाली झुकायची.
सुपडू तात्या म्हणायचा, हिला इंजिनातलं कळतं.
इंजिनातलं नाही, तात्या.
ते दम घेतं कधी, तेवढं.

भुसावळच्या स्टँडमागे रज्जाक मास्तरांचं बँडचं दुकान.
क्लॅरिनेट तिथलं,
जबडा दुखेपर्यंत फुंकणं तिथलं,
आणि वैशाखात, पंचेचाळीस अंशांत,
तांबड्या कोटात वरातीपुढे चालणंही.
घरात कोऱ्या वह्या कुठल्या?
माझ्या रद्द वेबिलांच्या पाठीवर
तिनं पाच-पाच रेघा ओढून ठेवल्या होत्या.
रेघांवर काळे ठिपके.
मला वाटलं, तारेवर बसलेली पाखरं काढतेय.

मग पुणं. मग मुंबई. मग बर्फाच्या कुठल्याशा गावी दोन वर्षं.
तिथून फोन आला :
बाबा, समोर साठ माणसं, सगळ्यांच्या हातात वाद्यं,
माझ्या हातात नुसती काडी.
म्हटलं, बाई, घाबरतेस कशाला?
गाडी ड्रायव्हर चालवतो,
पण हलते आपल्या दोरीवर.

पेपरात फोटो आला, काळा कोट, वर उचललेला हात.
खाली छापलेलं : वाद्यवृंद संचालक हेमांगी बाविस्कर.
शेजारच्या बेबाक्का म्हणाल्या,
"ऑर्केस्ट्रा का? मंग गानी जुनी म्हनते का नवी?"

आणि तीच नोकरी सोडून ती उतरली
संगीत नाटकाच्या खड्ड्यात.
खरंच खड्डा असतो तो, रंगमंचापुढे,
बावीस वादक कोंबलेले, तिचं फक्त डोकं वर.
मी रागावलो. पगार अर्धा, वर दौरे.
ती म्हणाली, तिथे गाडी वेळेवर सुटते, बाबा.
इथे थांबावं लागतं.
कुणाचा पदर खिळ्याला अडकतो,
कुणाला ऐन पदात वाक्य आठवत नाही.

मला बामणोदचा फाटा आठवला.
भरताच्या वांग्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन
पळत येणारी बाई.
वेळापत्रकात ती कुठेच नसते.
तिच्यासाठी दोरीवरचा हात किती वेळ अडवायचा
हे ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.
एकदा मी अडवला नाही. सात मिनिटं लेट होतो.
आरशात ती लहान लहान होत गेली.
हेमांगी बॉनेटवरून त्याच आरशात बघत होती.
घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

परवा जळगावला प्रयोग होता.
पास पाठवला होता तिनं, आठवी रांग.
दुसऱ्या अंकात, नायिका पदाच्या मध्यावर, आणि लाइट गेली.
वाद्यं चाचपडली, एकेक करून थांबली.
ती पोरगी वर एकटीच सूर धरून,
सूर हलायला लागलेला.
कुणी शिटी मारली. जनरेटरवाल्याला कुणी हाका घालत होतं.
खड्ड्यात काहीच नाही.
काहीच नाही.
वरच्या पोरीनं श्वास घेतला, मलाही ऐकू आला,
आणि मग लोखंडी स्टँडवर काडी :
टण टण.

बावीस वाद्यं अंधारात निघाली.

मी उभा होतो.
उजवा हात डोक्यावर, दोरी नसलेल्या जागी.
मागून कुणीतरी म्हणालं, काका, बसा ना, दिसत नाही.
एवढ्या अंधारात
त्याला काय दिसायचं होतं कोण जाणे.