बदली

एकशे बेचाळीस किलोंचा आचारी होतो मी.
आडगाव नाक्यापासून ओझरपर्यंत
लॉन्सवाले मला पाठीवरून ओळखायचे.
आता सत्त्याण्णव.
ॲप्रनची नाडी दोन वेढे घेते
आणि भाज्या चिरणारा वाळू वारुंगसे म्हणतो,
शेठ, मागून तुम्ही दुसरेच कोणी वाटता.

पोटाची केळ्याएवढी पिशवी ठेवलीय आत.
डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे काढून दाखवली होती.
मी विचारलं, कापलेल्याचं काय करता?
ते हसले.
मला मात्र खरंच उत्तर हवं होतं.

निकुंभ मॅडमचा तक्ता फ्रिजवर चिकटवलाय :
दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन.
आधी ते, जागा उरली तर बाकीचं.
जेवताना पाणी नाही. घास तीस वेळा चावायचा.
दुधाची पावडर घेतली की दरदरून घाम,
अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही.
मग त्यांनी तक्त्याखाली पेनाने लिहिलं :
सोयाबीन, टोफू, वाटाण्याची पावडर.

कॉलेज रोडपासून मखमलाबाद नाक्यापर्यंत
स्कूटरवर मी एकटाच हसत आलो.

त्याचं असं आहे.
दिंडोरी रोडला एक लग्न होतं, ऐन वैशाखात.
मुलीकडच्यांनी भाव पाडला, पाडला,
पाहुणे मात्र पाचशेचे सातशे केले.
मी मटर पनीरमध्ये निम्मा टोफू सोडला,
हळदीच्या गरम पाण्यातून काढून, तुपात परतून.
बिर्याणीत सोयाच्या वड्या तर नेहमीच्याच,
पातेलं भरल्यासारखं दिसतं.
आम्ही याला 'बदली' म्हणायचो,
वाढप्यांना डोळ्यांनी सांगायचो.
कुणाला कळलं नाही.
एका म्हाताऱ्याने फक्त तुकडा दाताखाली थांबवला,
मांडवाच्या मागे, माझ्या दिशेने पाहिलं,
आणि गिळला.

आता पहाटे पाचला मी
मूठभर सोयाबीन सोलतो.
साल पाण्यावर तरंगतं, नखांत अडकतं.
वाटतो, गाळतो, उकळतो, लिंबू पिळतो.
तेही फाटतं दुधासारखंच.
फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवतो
आणि मग तो कच्चा वास मारायला
आलं, जिरं, कढीपत्त्याची दोन पानं.

पण पाचशेच्या हाताला एकाचं मीठ कळत नाही.
पहिल्या दिवशी खारट,
दुसऱ्या दिवशी खारट,
तिसऱ्या दिवशी अलकाने डबाच उचलून वर ठेवला.
चाळीस वर्षांत एका माणसाचा स्वयंपाक
मी केलाच नव्हता कधी.

सहा चमचे मावतात.
सातवा घेतला एकदा, नुसत्या सवयीने,
तर छातीत दगड अडकल्यासारखा
अर्धा तास बेसिनला धरून उभा होतो.
बाहेर कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्यांची वरणाची फोडणी.
केसही गळतात. मॅडम म्हणतात, परत येतील.
वाटाण्याच्या पावडरीला तर
भिजलेल्या पुठ्ठ्याची चव आहे. ती मी काही लपवू शकलो नाही,
आणि लपवण्यात मी काही कच्चा नाही.

परवा आठशे पानांचं काम होतं.
पुढे डीजे, मागे आमच्या भट्ट्या.
शाही पनीर, खरं, सगळंच्या सगळं.
तळहातावर एक थेंब घेऊन मी चव पाहिली, थुंकून टाकली,
गॅसच्या टाकीवर बसून
स्टीलची डबी उघडली.

नवीन पोरगा, भांडी घासणारा, येऊन उभा राहिला.
शेठ, तुम्ही एवढंच? पनीर खाताय?

नाही, मी म्हणालो. टोफू आहे.

डीजेमुळे त्याला ऐकू गेलं नाही.
परत सांगितलं, मोठ्याने,
एवढ्या मोठ्याने की वाळूचा सुरी चालवणारा हात थांबला.

पोराने न विचारता एक तुकडा उचलला,
चावला,
आणि म्हणाला,
मीठ कमी आहे, शेठ.